वर्तन-थेरपीचे पहिले महिने: एका बापाचा अनुभव

लेकाच्या ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निदानाच्या कागदावर डॉक्टरांनी खाली तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि बिहेविअर थेरपी. पहिलीचा अंदाज कुणालाही येतो. दुसरीचाही विचारून विचारून येतो. तिसरी ऐकून आई म्हणाली, "त्याच्या वागण्यात वाईट काय आहे रे?" तिचा प्रश्न अगदी योग्य होता आणि मला त्याचं उत्तर द्यायला बरेच महिने लागले.

लेक तेव्हा तीन वर्षांचा होत आला होता. बोलत नव्हता. हाक मारली तर वळत नव्हता, म्हणून सगळ्यात आधी बेरा टेस्ट करून घेतली. कान चांगले निघाले. काही हवं असलं की तो माझं मनगट धरायचा, मला फ्रीजपर्यंत न्यायचा आणि माझा हात फ्रीजच्या दारावर ठेवायचा. या सगळ्यात एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघायचा नाही. त्याला काय हवंय हे मी ओळखलं तर ठीक, नाहीतर रडून रडून घर डोक्यावर.

आम्ही नाशिकचे. मी अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला सकाळीच एसटी पकडावी लागते, म्हणून मी सेकंड शिफ्ट मागून घेतली आणि सकाळची थेरपी माझ्या वाट्याला आली. सेंटरच्या बाहेरच्या बाकावर सगळ्या आयाच असत, त्यांत मी एकटा बाप. पण त्या बाकावर जे शिकायला मिळालं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. ज्यांची सुरुवात आत्ता होतेय त्यांच्यासाठी ते लिहितोय.

सेंटर निवडण्यापासूनच सुरुवात करतो. एका ठिकाणी आम्ही चौकशीला गेलो तेव्हा आतल्या खोलीतून एका मुलाचा रडण्याचा आवाज येत होता. दार बंद होतं. त्याची आई बाहेर पदराशी चाळा करत बसली होती. आत बसता येईल का विचारलं, तर "पालक समोर असले की मुलं नाटकं करतात" असं उत्तर मिळालं. रडण्याबद्दल विचारलं, तर "होते सवय." आणि शेवटी, "सहा महिन्यांत नॉर्मल शाळेत जाईल असा करून देतो." आम्ही तिथून उठलो.

असं आश्वासन कुठून येतं हे मी नंतर शोधलं. आपल्याकडे एबीए (अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस) या नावाने जी बिहेविअर थेरपी ओळखली जाते, तिची मुळं बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनाच्या अभ्यासात आहेत. ऑटिझमसाठी ती गाजली ती इवार लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासामुळे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन किंवा अधिक वर्षं शिकवलं. त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पार करून गेली, असं त्यांनी मांडलं. 'नॉर्मल करून देतो' म्हणणारे आजही त्या आकड्याच्या जोरावर बोलतात. पण कुठलं मूल या थेरपीच्या गटात आणि कुठलं तुलनेच्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्या निकालावर तेव्हापासून वाद आहे. आणि त्या कार्यक्रमात मुलांवर मोठ्याने 'नो' ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही होतं. त्याआधीच्या काळात तर विजेचे झटकेसुद्धा वापरले गेले. लहानपणी अशी थेरपी घेतलेले ऑटिस्टिक लोक आज मोठे झाले आहेत आणि त्यातले कित्येक जण सांगतात की आम्हाला फक्त आज्ञा पाळायला आणि आपलं खरं रूप लपवायला शिकवलं गेलं. हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. थेरपी सोडूनच द्यावी का, इथपर्यंत आमची चर्चा गेली.

शेवटी दुसऱ्या एका, दोन खोल्यांच्या लहानशा सेंटरमध्ये गेलो आणि तिथल्या सुपरवायझर मॅडमना हे सगळं तोंडावर विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलंत." मग त्यांनी सरळ सांगितलं: तो हात फडफडवतो, ते आम्ही बंद करणार नाही, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही रोज आत बसू शकता. तो रडला तर थांबून का रडला ते बघू. तो बोलेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. त्या शेवटच्या वाक्याने मला जास्त विश्वास वाटला.

तुम्हीही सेंटर बघायला गेलात तर एवढं विचाराच. रोजचं सेशन कोण घेणार आणि त्यांच्यावर देखरेख कुणाची? कारण बऱ्याचदा मुलाखतीला अनुभवी मॅडम असतात आणि रोज समोर नुकतीच शिकून आलेली मुलगी असते. त्यात गैर काही नाही, पण मॅडम आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष बघतात हे कळायला हवं. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी कुणाकुणाकडे आहे? मुलाला काय शिकवायचं हे कोण ठरवणार, आणि त्यात आमचं मत धरणार का? मूल रडलं तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्या माणसाचा चेहरा बघा.

सुरुवातीचे काही दिवस नुसतं मूल्यमापन चाललं. मॅडमनी आमच्याकडून त्याचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून घेतला. काय खातो, काय नाही, झोप कशी, पोट साफ होतं का, दात दुखत असतील का. पोटाचं आणि दातांचं ऐकून मला नवल वाटलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ज्या मुलाला दुखणं सांगता येत नाही, त्याच्या चिडण्याचं कारण कधी कधी बद्धकोष्ठ किंवा किडलेली दाढ असतं आणि लोक मात्र वर्तनावर काम करत बसतात. मग व्हीबी-मॅप नावाची चाचणी झाली. मागणं, नाव घेणं, नक्कल करणं, खेळणं, ऐकून कृती करणं, असे त्यात भाग असतात. निकालाचा तक्ता रंगवून आमच्या हातात दिला तेव्हा बरेचसे चौकोन कोरे होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "हा तक्ता मुलाचे मार्क नाहीत, आपण कुठून सुरू करायचं ते सांगणारा कागद आहे."

त्याच दिवसांत त्याच्या आवडीची यादी झाली. सेंटरमध्ये महागडी खेळणी होती, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याला आवडायचं ते असं: डब्याचं स्टीलचं झाकण फरशीवर गरगर फिरवणं, साबणाचे फुगे, पोह्याचा पापड कुडुम् करून खाणं आणि गोधडीत घट्ट गुंडाळून घेणं. दुसऱ्या दिवशी मी घरून झाकण घेऊन गेलो. मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाल्या, "आता काम सुरू करता येईल."

त्यानंतर पुढे कितीतरी दिवस बाहेरून बघणाऱ्याला फक्त खेळच दिसला असता. ताई (रोजच्या थेरपिस्टना आम्ही ताईच म्हणतो) जमिनीवर बसायच्या, झाकण फिरवून द्यायच्या, फुगे सोडायच्या, त्याला गोधडीत गुंडाळायच्या. 'बस', 'दे', 'बघ' असं एकही फर्मान नाही. बाकावरच्या एका आईने मला हळूच विचारलं, "तासाचे एवढे पैसे घेऊन हे फक्त खेळतात का?" सुरुवातीला हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. याला ते पेअरिंग म्हणतात. ताई म्हणजे चांगल्या गोष्टी, हे मुलाच्या मनात बसेपर्यंत त्याच्याकडून काहीही मागायचं नाही. मूल ताईंपासून पळत असेल आणि तुम्ही त्याला खुर्चीवर बसवून शिकवायला लागलात, तर ते पळायलाच शिकतं. पेअरिंग झालं कधी म्हणायचं, तर एके सकाळी दारातच त्याने स्वतःची सँडल ओढून काढली आणि माझं बोट सोडून आत गेला. ताई म्हणाल्या, "चला, उद्यापासून मागायला शिकवू."

मागायला शिकवणं हीच पहिली पायरी का, हे मला नंतर फार पटलं. बहुतेक पालकांना, आम्हालाही, आधी रंग, आकडे, एबीसीडी हवं असतं, कारण ते पाहुण्यांना दाखवता येतं. पण ज्या मुलाला 'पाणी दे' सांगता येत नाही त्याला लाल-पिवळा ओळखून काय मिळणार? आमच्या लेकाच्या तोंडून तेव्हा शब्द निघत नव्हते, म्हणून चित्राच्या कार्डांची पद्धत ठरली. पेक्स म्हणतात तिला, बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत तयार केलेली. आईला धास्ती होती की कार्डाची सवय लागली तर हा कधीच बोलणार नाही. मॅडमनी तिला बसवून समजावलं की आजवरच्या अभ्यासांत कार्डांमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं थोडं पुढे गेलेलं दिसतं.

पहिला धडा मी कोपऱ्यात बसून पाहिला. ताई समोर बसल्या, हातात झाकण. मध्ये जमिनीवर झाकणाच्या फोटोचं एकच कार्ड. लेकाच्या मागे दुसऱ्या ताई, गप्प. त्याने झाकणाकडे हात नेला. मागच्या ताईंनी त्याचा तोच हात अलगद कार्डावर आणला, बोटं मिटवली आणि हात समोरच्या ताईंच्या तळव्यावर नेऊन सोडला. कार्ड तळव्यावर पडलं त्याच क्षणी समोरच्या ताई "झाकण!" म्हणाल्या आणि झाकण फिरलं. त्याने ते थांबेपर्यंत बघितलं. पुन्हा तसंच. मग मागच्या ताईंनी बोटं मिटवून द्यायचं सोडलं. मग मनगट धरायचं सोडलं, फक्त कोपराला बोट लावलं. मग तेही नाही. एकदा तो कार्डावर हात ठेवून नुसता थांबला. कुणीही बोललं नाही. कुणी "दे, दे ना" म्हटलं नाही. त्याने कार्ड उचललं, पुढे वाकला, ताईंच्या हातात दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तसं बघ म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. झाकण फिरलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

ही मदत कमी कमी करत जाणं, हाच या थेरपीचा खरा गाभा आहे असं माझं मत झालंय. घरी आपण नेमकं उलटं करतो. मूल अडलं की मदत वाढवतो, शब्द वाढवतो, आवाज वाढवतो. ताई मला म्हणायच्या, "एकदा सांगा आणि मनात पाचपर्यंत मोजा." पाच अंक मोजायला किती वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

सेंटरमध्ये जमलेलं घरी आपोआप येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे तो झाकण मागायला लागला तरी घरी माझं मनगटच ओढत होता. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं असं असतं. एका खोलीत, एका माणसाबरोबर शिकलेलं तिथेच राहतं. म्हणून घरातल्या वस्तूंचे फोटो काढले, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणले, मागे वेल्क्रो चिकटवलं आणि फ्रीजच्या दारावर त्याच्या उंचीला पट्टी लावली. पाणी, दूध, पापड, गोधडी, बाहेर. पहिल्या आठवड्यात तो दर दोन मिनिटांनी 'पापड' आणून देत होता आणि ताईंनी बजावलं होतं की सध्या प्रत्येक वेळी द्यायचा, लहान तुकडा का होईना. मागितलं की मिळतं, हे आधी पक्कं व्हायला हवं. 'आता नाही' हे पुढच्या इयत्तेचं.

शब्द कोणते वापरायचे हेही आम्ही बसून ठरवलं. सेंटरमध्ये 'सिट डाउन', 'गिव्ह मी' अशी इंग्रजीची सवय होती. आमच्या घरात आई निम्मं अहिराणी बोलते, आम्ही मराठी. आम्ही विनंती केली की घरात जे बोलतो तेच तिथे बोला, आणि त्यांनी लगेच मान्य केलं. काही जण सांगतात की अशा मुलांना एकच भाषा द्या, शक्यतो इंग्रजी. त्याला काही आधार नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती भाषा मुलाकडून काढून घेऊ नका.

आता वहीबद्दल. मॅडमनी आम्हाला एक साधी शंभर पानी वही करायला लावली होती. पानावर तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. त्या काळात तो जेवताना ताट भिरकावायचा. आमच्या मते तो हट्टी झाला होता. आईच्या मते त्याला दृष्ट लागली होती. वही भरत गेलो तसं दिसलं की ताट उडतं ते नेमकं भातावर वरण ओतून कालवल्यावर. पोळी-भाजीला नाही, कोरड्या भाताला नाही, वाटीतल्या वरणालाही नाही. मोकळ्या भाताचा गिचका झाला की मात्र ताट उडालंच. त्याला तो स्पर्श सहन होत नव्हता आणि ते सांगायला त्याच्याकडे ताट फेकण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

मॅडम सांगतात की वागण्यामागे साधारण चार कारणं शोधायची: लक्ष हवं असतं, वस्तू हवी असते, एखाद्या गोष्टीतून सुटका हवी असते, किंवा ती क्रियाच शरीराला बरी वाटते. ताट फेकणं ही सुटका होती. उपाय दोन केले. भात वेगळा, वरण वाटीत. आणि एक नवं कार्ड: लाल फुलीचं, 'नको'.

'नको' शिकवताना आम्ही त्याच्यासमोर मुद्दाम कालवलेल्या भाताचा घास धरायचो. घास जवळ आला की ताई मागून त्याचा हात कार्डावर नेऊन ते मला द्यायला लावायच्या, आणि मी "नको? बरं, नको" म्हणून घास लगेच दूर करायचो. प्रत्येक वेळी, एकदाही गळ न घालता. आपल्याकडे मुलाने नको म्हटलं की आपण 'एकच घास, काऊचा' सुरू करतो. इथे तसं चालत नाही. नकार ऐकला जातो हे त्याला कळलं तेव्हा जेवणातली फेकाफेक उतरत गेली, आणि मजा म्हणजे तो काही पदार्थ स्वतःहून चाखायलाही लागला. तुमच्या सेंटरच्या उद्दिष्टांत मुलाला 'नाही' म्हणायला शिकवणं नसेल तर ते घालायला लावा. उद्या हे मूल मोठं होणार आहे, परक्या माणसांमध्ये वावरणार आहे. सांगेल ते निमूट करणारं मूल सुरक्षित नसतं.

सगळ्यात अवघड गेला तो मोबाइल. जेवताना गाणी लावल्याशिवाय तो तोंड उघडत नव्हता. मॅडमनी योजना सांगण्याआधी इशारा दिला: जे वागणं आतापर्यंत फळ देत होतं त्याला फळ मिळायचं थांबलं की ते कमी होण्याआधी उसळतं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. रडणं वाढेल, नवे प्रकार निघतील, आणि त्या टोकाला तुम्ही मोबाइल दिलात तर तो शिकेल की एवढं रडलं की मिळतं. म्हणून निभावता येणार नसेल तर सुरूच करू नका. घरी पाहुणे नाहीत, बायकोला सुट्टी आहे, असा आठवडा निवडा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

शेजारच्या काकूंना सांगितलं, तरी त्या पहिल्याच संध्याकाळी दार वाजवून गेल्या. आई देवघरापाशी जाऊन बसली. "लेकराला रडवून कसली थेरपी?" असं ती म्हणाली आणि मला तिचा राग आला नाही, कारण माझ्याही पोटात तेच कालवत होतं. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी तिथेच थांबवलं आणि मॅडमना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "योजना चुकीची आहे, मुलगा नाही. बदलू." मग पायऱ्या केल्या. आधी मोबाइल चालू, पण आवाज बंद. मग टेबलावर थोडा लांब. मग पाच घास मोबाइलशिवाय, नंतर मोबाइल, आणि ते समोर दिसावं म्हणून 'आधी-मग'चा छोटा फळा: आधी ताटाचं चित्र, मग मोबाइलचं. घासांची संख्या हळूहळू वाढवली. वेळ खूप लागला, पण डोकं पुन्हा आपटलं नाही.

हे मी जरा ठासून सांगतो, कारण रडण्याच्या बाबतीत पालकांना दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. थोडी कुरकुर, थोडा विरोध, हे शिकण्यात येणारच. पण मूल स्वतःला इजा करतंय, सेंटरच्या गल्लीत वळलो की आक्रोश करतंय, रात्री दचकून उठतंय, आधी येत होतं ते करेनासं झालंय, तर ते 'सवय होईल' या खात्यात टाकू नका. ती माहिती आहे. ती घेऊन सुपरवायझरकडे जा, आणि ते ऐकत नसतील तर सेंटर बदला.

रोजच्या सेशनची आकडेवारी ताई लिहितात: स्वतः केलं, मदतीने केलं, केलं नाही. सलग काही सेशन ८० टक्क्यांच्या वर स्वतः केलं की ते कौशल्य आलं असं धरून पुढे जातात. महिन्याच्या शेवटी आलेख दाखवतात. तो सरळ वर जात नाही. ताप आला, दिवाळीत फटाके वाजले, सेंटर सुट्टीवर गेलं की खाली येतो आणि आपलं काळीजही त्याच्याबरोबर खाली येतं. आमच्या इथल्या अनुभवी आया सांगतात की तीन-चार महिन्यांचा आलेख एकत्र बघा, आठवड्याचा बघू नका. पण तीन-चार महिने सपाटच असेल तर मग विचारा: कार्यक्रम बदलणार का?

खर्चाचंही बोलायला हवं, कारण त्याच्यापायी कित्येक जण मध्येच सोडतात. खाजगी सेंटरची फी तासावर असते आणि महिन्याचा आकडा अंगावर येतो. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. डीईआयसी म्हणून विचारा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. ऑटिझम हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वतंत्र प्रकार आहे. प्रमाणपत्रासाठी आयएसएए या भारतीय मोजपट्टीवर ४० प्रश्नांची तपासणी होते आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लिहिलं गेलं की बहुतेक सवलतींचा मार्ग मोकळा होतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात ओपीडीतल्या थेरपीसाठीही ठरावीक रक्कम मिळते. जुन्या करप्रणालीत असाल तर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी ७५,००० रुपयांची आयकर वजावट आहे, तीव्र दिव्यांगत्वाला १,२५,०००. 'दिव्यांग' हा शिक्का नको म्हणून प्रमाणपत्र टाळणारे पालक मला भेटतात. त्यांचं दुखणं मला कळतं. तरीही म्हणेन, काढून घ्या. गरज पडेल तेव्हा कागद तयार असावा.

तासांबद्दलही एक सांगतो. जास्त तास म्हणजे जास्त सुधारणा, असं गणित मांडून काही जण साडेतीन वर्षांच्या मुलाला सकाळ-दुपार-संध्याकाळ थेरपीला जुंपतात. आम्ही रोजचे दोन तास धरले आणि बाकी घरात. अंघोळीच्या वेळी मगभर पाणी मागणं, जिना उतरताना थांबणं, किराणा दुकानात पापडाच्या पुड्याकडे बोट दाखवणं. आता या पद्धती खेळात आणि रोजच्या कामांतच विणण्याकडे या क्षेत्राचाही कल आहे. आईसुद्धा या घरच्या भागात आली. पाचपर्यंत मोजायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, ती जपमाळेचे मणी ओढत मोजते आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबू शकते.

आज लेकाकडे कार्डांची एक जाडजूड वही आहे. पाण्याला तो कार्ड देता देता 'पा' म्हणतो. मनगट ओढणं गेलंय असं नाही, दमला की ओढतो. हात फडफडतात, झाकण फिरतं, त्याला कुणी अडवत नाही. मागच्या आढाव्यात उद्दिष्टांच्या यादीत 'नजरेला नजर देणं' होतं, पाच सेकंदांसाठी. ते आम्ही काढून टाकायला सांगितलं. तो आपणहून बघतो तेव्हा बघतो, मोजून बघायला लावायचं नाही. मॅडमनी थोडा विचार करून त्यावर रेघ मारली आणि त्या जागी केस कापणं लिहिलं, कारण ती आमची खरी अडचण होती.

सध्या त्यावर काम चाललंय. गल्लीतल्या सलूनवाल्या दादांशी बोलून ठेवलंय. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आम्ही जातो. आधी नुसतं दारात उभं राहून परत आलो. मग खुर्चीला हात लावला. मग खुर्चीत बसून पापड. ट्रिमर बंद ठेवून हातात दिला, त्याने तो उलटसुलट करून पाहिला. गळ्याभोवतीचं कापड त्याला अजून चालत नाही, 'नको'चं कार्ड येतं, म्हणून दादा कापड घडी करून बाजूला ठेवतात. पुढच्या आढाव्यासाठी बायकोने वहीत प्रश्न लिहून ठेवलेत: कापडाऐवजी त्याचा जुना शर्ट चालेल का, बालवाडीत घालताना शाळेला काय काय सांगायचं, शॅडो टीचर (वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी ताई) लागेल का आणि लागली तर ती कधी मागे सरायची.